हिरव्या शाईचं कार्ड

‘रेल्म’ या इंग्रजी शब्दाच्या खणात त्रेचाळीस कार्डं होती, प्रत्येकावर त्या शब्दाच्या वापराचं एक वाक्य. राजाचा मुलूख या अर्थाची एकोणीस, ज्ञानाचं क्षेत्र या अर्थाची पंधरा आणि ‘शक्यतेच्या कोटीतलं’ अशा वापराची नऊ. शब्दकोशाच्या कचेरीतल्या तरुण सहायक संपादिकेनं ती तीनदा मोजली.

“चव्वेचाळीस,” समोरच्या टेबलावरून तात्या म्हणाले. “‘झोपेचं राज्य’ या अर्थाचं राहिलं. खलाशाच्या पत्रातलं वाक्य आहे. हिरवी शाई. मीच लिहिलंय.”

तात्या अडतीस वर्षं हा शब्दकोश करत होते. काल ते चष्मा कपाळावर ठेवून तासभर चष्मा शोधत होते. ही गोष्ट संचालकांच्या कानावर गेली. आज सकाळी त्यांनी तिला बोलावून एक फॉर्म हातात ठेवला. ज्येष्ठ संपादकांची स्मरणशक्ती कामाला पुरेशी आहे का, एवढाच प्रश्न. उत्तर पाचच्या आत हवं होतं. ‘नाही’ आलं, की सोमवारपासून तात्या घरी. “तुम्ही विज्ञान शिकलेल्या,” संचालक म्हणाले होते, “भावनेच्या भरात काही लिहिणार नाही.”

फॉर्म तिच्या वहीखाली होता. पावणेपाच झाले होते.

“तात्या, ते कार्ड नसेलच.”

“मग माझं डोकं ठिकाणावर नसेल. बघ पोरी, दोन्हींतलं एक तरी सापडायला हवं.” ते हसले. पण त्यांचा हात रिकाम्या झालेल्या खणात चाचपडत राहिला.

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि ती थांबली. एकाच पद्धतीनं तीनदा मोजलं तर चूकही तीनदा तीच होते, हे प्रयोगशाळेत तिच्या अंगवळणी पडलं होतं. कोपऱ्यात टपालाचा वजनकाटा होता. तिनं दहा कोरी कार्डं त्यावर ठेवली. वीस ग्रॅम. मग ‘रेल्म’चा गठ्ठा ठेवला. त्रेचाळीस कार्डांचे शहाऐंशी ग्रॅम भरायला हवे होते.

काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला.

तिनं एकेक कार्ड बोटांत धरून वाकवून पाहिलं. सतरावं जाड लागलं. कडेला डिंक वाळला होता. पट्टीची धार आत सरकवली, तशी दोन कार्डं अलगद सुटली. आतली शाई हिरवी होती.

तिनं ते कार्ड तात्यांपुढे ठेवलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून ते वाचलं, आणि मग ते खूप वेळ चष्मा पुसत बसले.

पाचला दोन मिनिटं असताना तिनं फॉर्म भरला. स्मरणशक्तीच्या रकान्यात लिहिलं: चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस.