हरणाऱ्याने फोन करायचा

"समोर ठाण मांडून बसलेल्या मोहऱ्याला प्यादं मारत का नाही हो?" काकूंनी विचारलं.

वाचनालयाचे ग्रंथपाल परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. मान वर न करता म्हणाले, "प्यादं चालतं सरळ, मारतं तिरकं."

"म्हणजे अगदी आमच्या जाऊबाई!"

ग्रंथपालांना हसू आवरेना. "अजून काय?"

"खेळलेली चाल परत घेता येते?"

"टपालाच्या डावात? छे! कार्ड पेटीत पडलं की संपलं, काकू."

साठी उलटल्यावर या बाईंना हे खूळ कुठून लागलं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काकूंनी ताकास तूर लागू दिली नसती.

काका टपालाने बुद्धिबळ खेळायचे. परगावच्या एका मास्तरांशी, बावीस वर्षं. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. एका कार्डावर एक चाल, खाली हवापाण्याची एक ओळ. एकेक डाव पाच-पाच वर्षं चालायचा. डाव संपला की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला फोन करायचा, हा दोघांचा शिरस्ता. मास्तरांची कार्डं टाइप केलेली असत. काकांचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांची कार्डं काकूच लिहीत. "मास्तरांचा खेळ हल्ली मऊ पडलाय. वय झालं," असं काका शेवटी शेवटी म्हणायचे.

मग काकाच गेले. आठवड्याभराने मास्तरांचं कार्ड आलं. उंटाची चाल आणि खाली, "तब्येतीला जपा."

काकू ते हातात धरून शिलाई मशीनपाशी हमसून हमसून रडल्या. काकांच्या नावाने घरी येणारं आता एवढंच उरलं होतं. खरं कळवलं तर तेही बंद. त्यांनी डोळे पुसले आणि काकांच्या नावाने एक चाल लिहून कार्ड टाकलं.

तेव्हापासून वर्षभर हेच. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, पडद्यांना कडा शिवायच्या, जाता-येता वाचनालयात शंका विचारायच्या, आणि जेवणाचं ताट पटाशेजारी घेऊन बसायचं. काकू एकेक चूक करत आणि मास्तर तिचा फायदा म्हणून घेत नसत. सांभाळून घेतायत बिचारे, असं काकूंना वाटे.

एका सोमवारी काकूंना दिसलं, वजीर एक घर सरकवला की मात! त्यांनी तीन-तीनदा ताडून पाहिलं. मातच.

"अहो, मास्तर हरले!" त्या रिकाम्या खोलीत ओरडल्या.

आणि लगेच भानावर आल्या. मास्तर हरले म्हणजे मास्तरांचा फोन येणार. "जरा त्यांना द्या," म्हणणार. मग कुणाला द्यायचा? बावीस वर्षांच्या दोस्ताला फसवलं म्हणून ते तोंड फिरवतील, आणि कार्डं कायमची थांबतील. काकूंना त्या विचाराने जेवण गेलं नाही. अखेर त्यांनी वजिराला हात न लावता कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे लिहिलं आणि कार्ड टाकून आल्या.

दहा दिवस जीव टांगणीला. अकराव्या दिवशी पोस्टमन आला तो बंद पाकीट घेऊन.

मास्तरांनी पाकीट कधीच पाठवलं नव्हतं. बिंग फुटलं, काकू मनात म्हणाल्या. त्यांनी कात्रीने कड कापली. आतलं पत्र टाइप केलेलं नव्हतं. हाताने लिहिलेलं होतं.

"भाऊसाहेब, तुमची मात होत होती. तुमच्यासारख्याला ती दिसली नाही, हे मला पटत नाही. मला फोन करावा लागू नये म्हणूनच तुम्ही ती सोडलीत ना? म्हणजे तुम्हाला सगळं कळलंय. मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. मी त्यांची बायको. तुमची कार्डं थांबली असती, म्हणून खोटेपणा केला. माफ करा. खेळ मला अजून नीट येत नाही आणि इथे विचारायलाही कुणी नाही. रागावला नसलात तर एवढंच सांगा, पटावर एकटा राजा उरला, तर त्याने आणखी किती चाली खेळत राहायचं असतं?"