हवालदाराचं वय

भाचा टेबलाखाली शिरून वायरी हलवून बघत होता. मामा मागे हात बांधून उभा होता, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नातेवाईक उभे राहतात तसा.

"वायर ठीक आहे," भाचा बाहेर येत म्हणाला. "कॉम्प्युटर चालू होतोय, फक्त गेम चालू होत नाही. काय लिहून येतं?"

"थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

"मग?"

"केला की. थोड्या वेळाने."

गेम शेतीचा होता. निवृत्त झाल्यापासून मामा त्यात नांगरट करायचा, गहू पेरायचा, विहिरीचा गाळ काढायचा. खिडकीतल्या कुंडीला मात्र पाणी मामी घालायची. शेताच्या राखणीला एक कुत्रा होता, त्याचं नाव मामाने हवालदार ठेवलं होतं. बाहेर एक दिवस गेला की गेममध्येही एक दिवस जायचा. शेतकरी सोडून तिथलं सगळं म्हातारं व्हायचं, आणि हवालदार तर झालाच होता.

"गेम काढून नव्याने टाकू का? पटकन होईल."

"आणि हवालदार?"

"नवा कुत्रा मिळतो ना. पिल्लू असतं, मस्त."

मामाने त्याच्याकडे असं पाहिलं की भाच्याने माउसवरचा हात काढून घेतला.

"पिल्लू म्हणे," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. "लहानपणी तू सारखा आजारी पडायचास, तेव्हा तुझ्या आईला सुचलं नाही ते. नवा आणू, मस्त."

भाच्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग पुन्हा बंद करून, जरा आदराने चालू केला. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. तेवढ्यात त्याची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली.

"मामा, ह्याच्या हिशेबाने मी सातवीत आहे."

"मग अभ्यासाला बस."

"अरे, तारीख बघ. एवढ्या मागच्या तारखेला हा गेम कुणी बनवलेलाच नव्हता. जे अजून बनलंच नाही ते तो कुठून चालू करणार? थोड्या वेळाने या म्हणतो ते बरोबरच आहे." भाच्याने आणखी दोन ठिकाणी टिचक्या मारल्या. "आणि ही तारीख आपोआप मागे गेलेली नाही. कुणीतरी हाताने नेली आहे."

मामा छताकडे बघू लागला. छताला काही झालेलं नव्हतं.

"मी नेली," मामी दारात येऊन म्हणाली. "रोज सकाळी, हे उठायच्या आधी. एकच दिवस मागे. जास्त नाही."

"तू?" मामा म्हणाला.

"हवालदाराचं वय झालं होतं. इथली तारीख थांबली की त्याचंही वय थांबतं. तुमची ती गेममधली शेळी गेली तेव्हा तुम्ही जेवला नव्हतात. परत कोण तुमच्या मिनतवाऱ्या करणार?"

"पण मामी, रोज एक दिवस मागे नेला तर तारीख तिथल्या तिथे राहते," भाचा म्हणाला. "सातवीपर्यंत कशी गेली?"

मामाने घसा साफ केला. "मीही नेत होतो. अधूनमधून."

"एक दिवस?"

"एक वर्ष. दिवसाचा आकडा बारीक असतो, त्याला चष्मा लागतो. वर्षाचा नीट दिसतो." मग भाच्याकडे न बघता तो मामीलाच म्हणाला, "रोज आतून विचारतेस, हवालदार जेवला का. माझं कधी विचारलं नाहीस. म्हटलं, हा गेला तर हिचं काय होईल."

"मी तुमच्यासाठी विचारत होते."

"मी तुझ्यासाठी नेत होतो."

भाचा दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसला होता. त्याला उठून कुठेतरी जावंसं वाटलं, पण खुर्चीला चाकं होती आणि ती आवाज करायची.

"आता काय ते सांगा," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्षीची तारीख लावली तरी गेम चालेल, आणि हवालदार होता तसाच राहील. आजची लावली, तर तुम्ही अडवून ठेवलेले सगळे दिवस एकदम त्याच्या अंगावर येतील."

"म्हणजे?" मामाने विचारलं.

"म्हणजे असेल किंवा नसेल."

 

"मी तुमच्यासाठी अडवला, तुम्ही माझ्यासाठी," मामी पदराला हात पुसत म्हणाली. "त्याला कुणी विचारलंच नाही."



"आजची लाव," मामा म्हणाला.

भाच्याने आजची तारीख लावली आणि मामाला जागा करून दिली. गेम चालू झाला. आधी आभाळ दिसलं, मग शेत. गहू कापायला आला होता, कुंपणाच्या दोन फळ्या पडल्या होत्या आणि खोपटाचं दार बंद होतं. मामाने शेतकऱ्याला दारापाशी नेलं आणि माउसवरून हात उचलून मांडीवर ठेवला.

दार उघडायला मामीने वाकून स्वतःच टिचकी मारली.

हवालदार बाहेर आला. तोंड पांढरं झालं होतं, मागचा एक पाय ओढत होता. दोन पावलं चालून तो थांबला, पुन्हा चालला आणि उन्हात येऊन आडवा झाला. शेपटी एकदा हलली.

"गहू कापायला आलाय, मामा," भाचा म्हणाला.

"राहू दे आज."

मामाने शेतकऱ्याला कुत्र्याजवळ नेलं आणि त्याला खाली बसवायचं बटण शोधू लागला. एकेक करून सगळी बटणं दाबून पाहिली. शेतकऱ्याने फावडं काढलं, फावडं ठेवलं, एक उडी मारली.

"बसायची सोय नाही त्यात," भाचा म्हणाला.

मग शेतकरी तसाच उभा राहिला. मामीने खुर्ची ओढली आणि त्याच्या वतीने बसली.