वृत्तात बसणारा शब्द

'जैसी चारुलता तरूस बिलगे, तैशी मिळो ही वरा...'

फोन गात होता. आवाज बाईचा, पण बाई कुठेच नाही. मितालीने महिन्यापूर्वीच भावाच्या लग्नासाठी मोबाइलमधल्या एआयला नवरा-नवरीची नावं दिली आणि चहाला उकळी यायच्या आत मंगलाष्टक तयार. वृत्त चोख. सूर चोख. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये जमलेल्या साऱ्यांनी माना डोलावल्या.

"हे माझं आहे," सुमंतकाका म्हणाले.

सावधान.

दुर्ग-भिलाईतल्या मराठी घरांची बहुतेक लग्नं सुमंतकाकांच्या मंगलाष्टकांवर लागलेली. आज सख्ख्या पुतण्याचं लग्न, आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. काका रुसून बोलताहेत, असंच सगळ्यांना वाटलं. मिताली हसली. मशीन दरवेळी नवीनच लिहितं, म्हणाली. कॉपीराइट असलाच तर तिचा, पत्रिकेवर 'मंगलाष्टक : मिताली' असं छापूनही आलंय. खात्रीसाठी तिने मशीनलाच विचारलं. मशीनने अदबीने कळवलं की रचना संपूर्णपणे नवी आहे.

सावधान.

सूर्यकांतमामा दुर्गचे वकील. त्यांनी पुरावा मागितला. आपली जुनी मंगलाष्टकं इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर आहेत, तिथूनच उचललं, असं काकांचं म्हणणं. वाचून तर माणसंही शिकतात, मामा म्हणाले. ओळ तशीच्या तशी उचलली का, ते सांगा.

ओळ तशीच्या तशी नव्हती. एक शब्द तेवढा होता.

मितालीने गंमत म्हणून वेगवेगळी नावं देऊन आणखी मंगलाष्टकं काढली. नवरी बदलली, नवरा बदलला, झाडही बदललं. कधी आंबा, कधी कदंब. चारुलता मात्र प्रत्येकात.

"चारुलता म्हणजे नाजूक वेल," मामा म्हणाले. "वेल का कोनाच्या बापाची असते, सुमंतराव?"

लोक हसले. उत्तर काकांकडे होतं. दिलं तर गाणं त्यांचं, नाही तर गेलं. पण ते द्यायचं म्हणजे काकूंच्या समोर.

सा-व-धा-न.

नलूकाकू कोपऱ्यात तांदळाला कुंकू चोळत होत्या. तळवे लालभडक. त्यांची एक तक्रार सगळ्या घराला पाठ. स्वतःच्या लग्नात उखाण्याची पाळी आली आणि यांची दातखीळ बसली. ती बसलीच. तेव्हापासून यांनी एकदाही बायकोचं नाव घेतलं नाही. 'ऐकलं का', फार तर 'अवो'. गावभर श्लोक, घरी मुके.

फोनने पुन्हा तीच ओळ धरली. बाई नसलेल्या बाईने चारुलता हा शब्द इतका लांबवला की काकांना सहन झालं नाही. त्यांनी हात लांब करून फोन बंद केला.

"ते वेल नाही," ते म्हणाले. "नाव आहे. हिचं. लग्नात नलिनी ठेवलं, त्याच्या आधीचं. माहेरचं."

मामांनी चष्मा काढला. मितालीने समोरच्या पत्रिकेवरचं आपलं नाव पेनने खोडलं.

काकूंचे हात तांदळातच थांबले होते.

"मी एकदा विचारलं होतं तुमाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाले, वृत्तात बसते म्हणून घातलं."

"बसतेच नं," काका जमिनीकडे पाहत म्हणाले.

काकूंनी लाल मूठ उघडून पाहिली.

"अन् मी पागल, नवरा-नवरीवर समजून, दर लग्नात माझ्याच नावावर अक्षता टाकून राहिली होती."