जोराचा घाव

केराबाई गेल्या आणि कुंभारीतल्या त्यांच्या शेंगा चटणीच्या कारखान्यातली चवही गेली. दुकानदार डबे परत पाठवू लागले, तेव्हा मुलीने, सुकन्याने, पुण्याहून इंजिनिअर बोलावला. त्याला दाखवायला आईचा उखळात चटणी कुटतानाचा एकच व्हिडिओ होता. त्यावरही भावाने स्टेटससाठी गाणं चढवलेलं, त्यामुळे आईचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं.

इंजिनिअरने तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"तीन-चार घाव हलके, मग एक एकदम जोरात. त्यानेच शेंगदाण्याला तेल सुटतंय. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली?"

त्याने कांडप मशीन तसंच बसवलं, आणि चाचणीच्या पहिल्याच घाण्याला आईची चव आली.

नारळ फोडायला आत्या आली, केराबाईंची सख्खी नणंद. मशीन सुरू झालं. हलके घाव पडत होते तोवर ती कौतुकाने बघत होती. जोराचा घाव बसला तशी नारळ छातीशी धरून एक पाऊल मागे सरली.



"वैनीचाच हात हाय ह्यो. कुटताना माजं नाव निघालं की मुसळ असंच हाणायची."