डॉक्टरांचा कान

डॉक्टरांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ऐकू काहीच आलं नाही. हाताला नुसती थरथर लागत होती. ती तर प्रत्येकच गाडीत लागते.

जुन्या गाड्या घेण्या-विकण्याच्या त्या आवारात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. औषधाची बाटली त्यांनी आजारपणातच काय ती हातात धरलेली. पण इंजिनाला कान लावून आतलं दुखणं सांगावं ते त्यांनीच. गेल्या वर्षी तो कान दगा देऊ लागला. आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली, मग इंजिनातले बारीक आवाज गेले. समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहिलं की बोलणं मात्र कळायचं, म्हणून अजून बोभाटा झाला नव्हता. आवाराच्या मालकाने त्यांना ठेवलं होतं ते कानासाठी. कान गेल्याचं कळलं की साठीला टेकलेल्या माणसाच्या हातात नारळ पडणार, हे उघड होतं. रोज सकाळी आवाराच्या फाटकातून आत शिरायची त्यांना भीती वाटायची.

यावर त्यांनी एक तोड काढली होती. डोळे उघडायचे, विकायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि शांतपणे एवढंच विचारायचं.

"आवाज कधीपासून येतोय?"

बहुतेक जण तिथेच ढेपाळत. कोणी चार दिवस म्हणे, कोणी गेल्या सर्व्हिसिंगपासून. एकदा का माणूस कबूल झाला, की गाडीचा भाव आपोआप उतरे आणि ती मालकाला स्वस्तात मिळे. डॉक्टरांची अब्रू आणखी एक दिवस वाचे.

आजच्या गाडीचा मालक, एक चष्मा लावलेला शिडशिडीत माणूस, पांढराफटक पडला. शेजारी त्याची बायको उभी होती. तिने कपाळाला हात लावला.

"तीन महिने झाले," तो म्हणाला. "म्हणजे तुम्हालाही येतोय ना? हिला सांगून सांगून दमलो मी."

मग त्याचा बांध फुटला. गाडी छोटी एसयूव्ही, चार वर्षांची, एकोणसाठ हजार किलोमीटर झालेली. या मॉडेलचं इंजिन साठ हजारांनंतर दगा देतं, आतली चेन सैल पडते, असं त्याने फोनवर वाचलं होतं. बातमी पसरली की ही गाडी कोणी फुकटही नेणार नाही, असंही वाचलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याला टकटक ऐकू आली. तीन मेकॅनिकांनी इंजिन ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. त्याचा एकावरही विश्वास बसला नाही. आता जो काय भाव द्याल तो द्या, पण साठ हजार व्हायच्या आत ही गाडी माझ्या दारातून न्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

डॉक्टर अस्वस्थ झाले. चोरी पकडली गेलेल्या माणसांचे चेहरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. हा तसा नव्हता. हा माणूस रोज सकाळी किल्ली फिरवताना घाबरत होता, आणि ते घाबरणं डॉक्टरांच्या चांगलंच ओळखीचं होतं. आपल्याला असलेला आवाज ऐकू येत नाही आणि याला बहुधा नसलेला ऐकू येतो, असं त्यांना वाटून गेलं.

बायको पुढे झाली. गावाबाहेरच्या दोन शाळांमध्ये ती याच गाडीने जात असे. तिकडे दुसरं काही वाहन जात नव्हतं. गाडी गेली की तिची नोकरीही गेली.

"काका, मी मुलांना गाणं शिकवते," ती म्हणाली. "चाळीस पोरांत एकाचा सूर हलला तरी मला कळतं. यात मला काहीच ऐकू येत नाही. तुम्हाला नक्की येतंय?"

डॉक्टरांनी ऑफिसच्या काचेकडे पाहिलं. आत आवाराचा मालक कागद चाळत बसला होता. 'हो' अगदी ओठांवर होता. तेवढा एक शब्द पुरला असता.

"नाही, ताई," ते म्हणाले. "मला आता कुठल्याच इंजिनातलं ऐकू येत नाही. गाडी घेऊन घरी जा तुम्ही."

मग तो आवाज कसला, असं नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते मी नाही सांगू शकत. पण माझ्यापेक्षा आणि त्या फोनपेक्षा या ताईंच्या कानावर भरवसा ठेवा. बायको जास्त काही ऐकायला न थांबता ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत डॉक्टर उन्हात उभे होते.

मग ते ऑफिसात गेले. खुर्ची समोर असूनही ते बसले नाहीत. कान कधी गेला, वर्षभर कसं निभावलं, लोकांना काय विचारून फसवलं, सगळं त्यांनी एका दमात ओकून टाकलं. आता मालक आवाज चढवेल म्हणून ते वाट बघत राहिले. मालकाने हातातल्या कागदावर सही केली.

"ते मला गेल्या वर्षीच कळलं होतं," तो म्हणाला.

डॉक्टर समोरच्या खुर्चीत बसले. मग मला काढलं का नाही, एवढंच त्यांना कसंबसं विचारता आलं.

मालकाने पुढच्या गाडीची किल्ली त्यांच्याकडे सरकवली.

"काढू कशाला? कान शाबूत होता, तेव्हा तुम्ही चांगल्या इंजिनाला चांगलं म्हणायचात."