मऊ होणारे दात

स्वमग्न निहारला बसवलेल्या नव्या कृत्रिम दातांना त्याची स्वतःची कातडी ओळखता येत होती. घाबरला की तो मनगट चावायचा आणि दात रबरासारखे मऊ पडायचे. जखमा भरल्या, पण निहार शांत होईना. चावत राहायचा आणि रडायचा.

आज तपासणीच्या खुर्चीत त्याने वडिलांचा हात ओढून कडकडून चावला. रक्त आलं.

"भास्करराव, हात सोडवा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "तुमचीही कातडी शिकवते मी दातांना. लगेच होईल."

"नको, मॅडम. त्याची आई होती तोवर तिच्या कुशीत शांत व्हायचा. माझ्या कुशीत थांबतच नाही."

निहारचं रडं थांबलं होतं.

"अहो, पण रोज असा हात देणार?"

"दुसरा आहे की," भास्करराव म्हणाले.