रंगरावांच्या गाडीची धडधड

गॅरेजवाल्या मैनाक्कानं कॅम गिअर केसभर मागं फिरवला, स्पार्कचं टायमिंग उतरवलं, तरी रंगरावांच्या गाडीचं टर्बो इंजिन ठकठक ठोकायचं थांबेना. चालकाच्या सीटवर बसलेल्या रंगरावांना दरदरून घाम फुटला.

“आक्का, खरं सांग. माझंच काळीज बिघडलंय ना?”

भ्यायचं कारण होतंच. आताच्या गाड्यांचं इंजिन सीटखालून चालकाच्या काळजाचे ठोके ऐकायचं आणि त्याच तालावर स्पार्क टाकायचं. इंजिन ठोकायला लागलं की शहाणी माणसं आधी दवाखाना गाठायची. रंगराव भित्रे, म्हणून आधी गॅरेजात आले.

“उतरा बघू खाली,” आक्का म्हणाली.

रंगराव उतरले. सीट रिकामी, तरी इंजिन आपलं धडधडतंयच!

आक्कानं सीटखाली हात घालून एक पिशवी ओढली. तिच्यातून लाल तुरा वर आला.

“देवीला बोललेला कोंबडा आहे,” रंगराव पुटपुटले. “मागं ठेवला तर सीट घाण करतो.”

आक्कानं कॅम गिअर आणि टायमिंग पहिल्या जागी आणलं. रंगराव एकटेच बसले आणि इंजिन दूध प्यालेल्या मांजरासारखं गुरगुरायला लागलं. त्यांनी असा सुस्कारा सोडला, की फुस्सकन हवा सोडणाऱ्या टर्बोनंही लाजावं.

“तुमचं काळीज ठणठणीत आहे,” आक्का म्हणाली. “ह्या बिचाऱ्याला मात्र कळलंय, कुठं चाललाय ते.”

रंगराव कोंबड्याकडं बघतच राहिले.

“आक्का, देवीला नारळ चालंल का गं?”

“न चालायला काय झालं?”

रंगरावांनी कोंबड्याला मांडीवर घेतलं, पाठीवरनं हात फिरवला आणि गाडी बाहेर काढली. सीटवर आता दोन काळजं होती, पण इंजिन एकदाही ठोकलं नाही.